आवाजांचं शेडकार्ड

सुरतेतल्या आमच्या बमरोलीच्या गल्लीत माझ्या नोकरीबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं की मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसते. दुसरं, जरा मानाचं मत असं की मी कॉल सेंटरला आहे आणि दिवसभर इंग्रजी बोलते. दोन्ही चूक आहेत. पण खरं सांगायला लागले की समोरच्याचा चेहरा इतका बिचारा होतो की मीच विषय बदलते. या अंकासाठी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असा निरोप आला तेव्हाही वाटलं, असं लिहिणारी माणसं निवृत्त झालेली असतात. माझं अजून शिकणंच चालू आहे. नोकरी सांभाळून एम.ई. करते. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काय लिहावं हे विचारायलाही घरात कोणी नाही. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं काम आवाज लहान करण्याचं आहे. लहान म्हणजे हळू नव्हे; कमी जागेत मावेल असा. साध्या फोनवर एका सेकंदाचं बोलणं पाठवायला चौसष्ट हजार बिट लागतात. बिट म्हणजे एक 'हो' किंवा एक 'नाही', एवढंच समजा. आमचे सेट हजीऱ्याच्या जेट्टीवरून खोल पाण्यात जाणाऱ्या लाँचवर बसतात. तिथे मोबाइलचा टॉवर नसतो, साध्या वायरलेसची पोच संपलेली असते, आणि उपग्रहाकडून जी बारीक वाट मिळते तिच्यातून सेकंदाला चोवीसशे बिटच जातात. एका माणसाच्या जागेत सव्वीस जणांना बसवायचं, तेही कोणाचे हातपाय न मोडता.

हे कसं करतात? खरं तर आवाज पाठवतच नाहीत. माणूस बोलला की आमचा सेट चारच गोष्टी बघतो. गळा थरथरतोय की नुसती हवा जातेय. थरथरत असेल तर पट्टी किती उंच. बोलणं किती जोरात. आणि त्या क्षणी तोंडाचा आकार कसा. एवढं कळवलं की पलीकडचा सेट त्यावरून नवा आवाज घडवतो. पलीकडे पोचतो तो तुमचा आवाज नसतो, तुमच्यासारखा केलेला असतो. हे मला कॉलेजात पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही बंद केली होती.

यातला तोंडाचा आकार पाठवणं सगळ्यात महाग. त्यासाठी दोन्ही सेटांत आकारांचा एकच तक्ता भरून ठेवतात आणि फक्त नंबर पाठवतात. आप्पांना मी हे शेडकार्डावरून समजावलं होतं. रिंग रोडच्या मार्केटातला व्यापारी परगावच्या गिऱ्हाईकाला दर वेळी कापड थोडंच पाठवतो? दोघांकडे एकच शेडकार्ड असतं. फोनवर 'बेचाळीस नंबर' म्हटलं की काम झालं. कार्डावर नेमकी शेड नसली तर सगळ्यात जवळची घ्यायची. कार्ड मात्र ठराविक घरांचं. एक शेड वाढवायची तर दुसरी काढावी लागते. आप्पा माझे वडील, आयुष्य मागावर गेलेलं. त्यांना हे चटकन पटलं. "मंग कार्ड कोन बनाडस?" त्यांनी विचारलं. कार्ड कोण बनवतं? मी म्हटलं, मीच.

केतनभाईंची आमची कंपनी तशी मागांना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या बनवते. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्याखात्यांत जाऊन पट्ट्या बसवणं, बिघडल्या तर बदलणं, हा त्यांचा मूळ धंदा. आवाजाचं काम त्यांनी हौसेनं घेतलं होतं. एका कंत्राटदाराच्या लाँचवर सेट बसवायचे; चाचणीत पसंत पडले तर काम चालू, नाहीतर कंत्राटदार बाहेरून तयार सेट घेणार. तसं झालं तर आवाजाचं टेबल बंद आणि मी पट्ट्यांवर, म्हणजे रोज खात्यात. केतनभाईंनी हे धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. "नोकरी तो छे ज ने, बेन," नोकरी तर आहेच ना, असं आश्वासनासारखंच सांगितलं होतं. पण माय गेल्यावर आप्पांनी दोन-दोन पाळ्या करून मला शिकवलं ते मी मागांच्या त्या आवाजात परत जाऊ नये म्हणून. म्हणून ती चाचणी माझ्यासाठी काय होती ते कळेल.

कार्ड बनवायला खूप माणसांचं खूप बोलणं लागतं. ते ऐकून ऐकून संगणक ठरवतो की कोणते आकार ठेवायचे. सुरतेत फुकट आवाज कोण देणार? मी रेकॉर्डर घेऊन बमरोलीला गेले. गल्लीनं लग्नघरासारखं केलं. शेजारच्या विमलमावशीनं तर आधी तोंड धुतलं.

"मावशी, फोटो नही काढी ऱ्हायनू. आवाज पाहिजे."

"आवाज काय बिनतोंडना येस का?"

नाशिकचे, धुळ्याचे, अमळनेरकडचे, सगळे येऊन बोलून गेले. कोणी भाव सांगितले, कोणी सुनेला शिव्या दिल्या, एका आजोबांनी अख्खी आरती म्हटली. आप्पा सगळ्यात शेवटी बसले. रेकॉर्डरकडे नवीन पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं.

"काय बोलू मी हाई डबडामा?"

"काहीही, आप्पा."

मग ते मागाबद्दल बोलले. धागा कसा तुटतो, आवाजातूनच कसं कळतं की कुठला माग थांबणार. मी त्यांना इतका वेळ सलग बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पुढचे महिने मी त्या आवाजांसोबत काढले. ऑफिसच्या कोपऱ्यात, हेडफोन लावून. या कामाचं एक विचित्र आहे. दिवसभर कानात माणसं बोलत असतात आणि तुमच्याशी कोणीच बोलत नसतं. एकच वाक्य मी दोनशे प्रकारांनी ऐकायचे. विमलमावशी, तिची तीच सून, तीच शिवी, कधी नळीतून, कधी रजईतून. जेवणाच्या सुट्टीत हेडफोन काढला की ऑफिसातली खरी माणसं मला थोडी परकी वाटायची. मी बमरोली सोडून नदीपलीकडे ऑफिसजवळ खोली घेतली होती, अभ्यास होईल म्हणून. अभ्यास झाला. बोलणं मात्र घरमालकाशी महिन्यातून एकदा, तेही पाण्याच्या मोटारीबद्दल.

कार्ड तयार झालं. ऑफिसात दोन सेट लावून आम्ही बोललो. केतनभाईंचा फोनवरचा आवाज चार दुकानं सोडून ऐकू जातो. माझाही, गल्लीतलीच असल्यामुळे, काही कमी नाही. प्रत्येक शब्द कळत होता. केतनभाई म्हणाले, "शब्द समजाय छे ने? बस." कागदावर आमची चाचणीही तेवढीच होती, शब्द कळतात की नाही. आम्ही सेट हजीऱ्याला पाठवून दिले.

आठवड्याभरात तक्रार आली. तक्रार सेटबद्दल नव्हती, माणसाबद्दल होती. एका लाँचचे तांडेल, म्हणजे लाँच चालवणारे मुख्य, रमणकाका, सेटवर उद्धट बोलतात. कंत्राटदाराच्या साहेबांनी त्यांना समज दिली होती आणि त्यानंतर काकांनी सेटवर बोलणंच टाकलं होतं. खोल पाण्यात गेलेली लाँच तास तास गप्प. केतनभाईंनी मला जेट्टीवर पाठवलं.

किनाऱ्यावरच्या खोलीत जिग्नेश नावाचा मुलगा सेट सांभाळत होता. "बसा बेन, आता ऐका मजा," म्हणत त्यानं काकांना हाक दिली आणि बोलायला लावलं. स्पीकरमधून काका आले. लाँच निघाली आहे, सात माणसं चढली आहेत, दरिया शांत आहे. बातमी एवढीच. पण आवाज असा, की कोणीतरी ताट फेकून मग बोलतोय.

जिग्नेश माझ्याकडे वळला. "लो, सांभळो! दरियो शांत छे, एमां पण मारी पर गुस्सो!" ऐका, दरिया शांत आहे, त्यातही माझ्यावर राग.

मला आधी हसू आलं. शब्द न् शब्द कळत होता. मी केलेलं सगळं बरोबर चाललं होतं.

दुपारी लाँच परत आली. मी मनात एक धिप्पाड माणूस धरला होता. उतरले ते बारीकसे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. ते बोलायला लागले आणि मला दोन पावलं पुढे जावं लागलं, इतका मऊ आवाज.

"बेन, साहेबे मने पूछ्युं, तमे कोनी साथे लडो छो?" ते म्हणाले. साहेब विचारतात, तुम्ही कोणाशी भांडता? "आटलां वरसमां मारी घरवाळीए पण नथी पूछ्युं." इतक्या वर्षांत बायकोनंही विचारलं नाही.

मी त्यांना तेच वाक्य परत म्हणायला सांगितलं, समोरासमोर. लाँच निघाली आहे, सात माणसं चढली आहेत, दरिया शांत आहे. देवघरात बोलावं तसं ते बोलले. मी सेटवर जे ऐकलं होतं ते आणि हे, यात शब्दांशिवाय काहीच एक नव्हतं. मग ते टोपी काढून हातात घेत म्हणाले, "मारी नोकरी पर तो वात नहीं आवे ने?" नोकरीवर तर येणार नाही ना? मी म्हटलं, नाही, चूक सेटची आहे. साहेबांनाही जाऊन तेच सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, एकदा सुधारून आणा. एकदाच. पण चूक कुठे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ते कळलं रविवारी, बमरोलीत. आप्पांकडे जेवायला गेले होते. मी आणि ते, मध्ये वरणाचं पातेलं, आणि आप्पा म्हणाले, "मीठ दे वं!"

मी दचकले. आयुष्यभर ऐकलेलं वाक्य, पण डोक्यात जिग्नेश होता म्हणून असेल, मी ते पहिल्यांदा परक्या कानानं ऐकलं. हातभर अंतरावरच्या मिठासाठी आप्पा पूर्ण खातं ओलांडून ओरडले होते. बाहेर विमलमावशी दूधवाल्याला 'या, बसा' म्हणत होती, तेही तसंच. खात्यात शेजारच्याला सांगायचं तर मागांच्या खडखडाटावरून सांगावं लागतं. मग तोंड जास्त उघडतं, गळा ताठ होतो, आवाजाला धार येते. वर्षानुवर्षं तसं बोललं की माणूस खात्यातून घरी येतो, आवाज येत नाही. आणि मी माझ्या कार्डावरचे सगळेच्या सगळे आकार याच लोकांकडून घेतले होते. रमणकाकांची फिकी शेड त्या कार्डावर नव्हतीच. सेट बिचारा जवळची म्हणून दर वेळी लालभडक काढून देत होता. काका कितीही हळू बोलोत, तोंड आमच्या गल्लीचं लागत होतं. दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यांनी आवाज दुसरीकडून आणले असते.

"आप्पा," मी रेकॉर्डर काढला, "जरा हळू बोला ना काही."

"काय?"

"हळू बोला."

आप्पांनी घास खाली ठेवला, घसा खाकरला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "हळूच त बोली ऱ्हायनू!"

आम्ही दोघंही हसलो. पण बसनं परत येताना मला ते हसू पुरलं नाही. मी आठवत होते की माझ्याशी हळू बोलणारं कोण कोण आहे. मायसुद्धा खात्यातच सुताच्या कांड्या भरायची. ताप आला की ती 'कसं वाटस तुले' हे ओरडूनच विचारायची. त्यात प्रेम नव्हतं असं मी कसं म्हणेन? पण कामासाठी म्हणून मऊ बोलणाऱ्या माणसांची नावं मोजायला बसले, तर उधना येईपर्यंत एकही नाव सुचलं नाही.

माझ्या खोलीच्या खालच्या मजल्यावर सुमतीबाई राहायच्या. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. जिन्यात भेटल्या की मान हलवायच्या, एवढीच ओळख. मी धीर करून दार वाजवलं आणि सगळं एका दमात सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "बाळ, आधी बस. आणि एवढ्या मोठ्यानं नको, मला ऐकू येतं."

मी लाजून चूर झाले. त्यांनी वर्तमानपत्र वाचून दिलं, मग शाळेच्या गोष्टी सांगितल्या. रेकॉर्डर बंद झाल्यावरही त्या बोलत होत्या आणि मी खुर्ची पुढे ओढत ओढत त्यांच्या गुडघ्यापाशी पोचले होते. हळू बोलणाऱ्याच्या जवळ जावंच लागतं. आमच्याकडे लांबूनच सगळं ऐकू येतं, त्यामुळे जवळ जायची वेळच येत नाही. हे मी तेव्हा शिकले. त्यांनी मला बँकेतल्या दोघींकडे पाठवलं, त्यांनी आणखी कोणाकडे. रमणकाकांनी जेट्टीवरच्या आपल्या सोबत्यांना गोळा केलं. कोळी सगळेच मोठ्यानं बोलतात हा माझा समजही तिथे गेला. मोठ्यानं हाक मारतात, बोलतात निवांत.

आता प्रश्न कार्डाचा. घरं तेवढीच. मी आधी निम्मे-निम्मे करून पाहिले, निम्मे आवाज गल्लीचे, निम्मे नवे. दोन्हीकडची माणसं सर्दी झाल्यासारखी बोलायला लागली. कार्ड मोठं करायचं तर बिट जास्त, आणि वाट तेवढीच बारीक. मी आठवडाभर प्रमाणं बदलत राहिले. शेवटी केतनभाई माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बेन, लाँच पर तमारी गल्ली बेसवानी छे?"

लाँचवर तुमची गल्ली बसणार आहे का? ते बरोबरच बोलत होते. त्यात राग नव्हता, घाई होती. मी गल्लीचे आवाज काढले. एक एक करून काढले. एकदम काढता आले असते. आरती म्हणणारे आजोबा, विमलमावशी आणि तिची सून. आप्पा शेवटी. प्रत्येक वेळी कार्ड नव्यानं बनवून ऐकायचे, आणि प्रत्येक वेळी रमणकाका थोडे जास्त रमणकाका व्हायचे. कामात प्रगती होत असताना इतकं वाईट वाटू शकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरी चाचणी पास झाली. जिग्नेश मला बघून लांबूनच ओरडला, "बेन, आजे काका मजामां!" साहेबांनी सही केली. रमणकाका सेटवरून कोणाशी तरी जेवणात काय होतं ते बोलत होते, म्हणजे सेटवर आता गरज नसलेलंही बोलत होते. माझ्या मते सही ती. केतनभाईंनी ऑफिसात घारीची मिठाई वाटली आणि म्हणाले, पप्पांना आणा, त्यांना दाखवा मुलीनं काय केलं.

आप्पा खाडा करून आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. केतनभाईंनी त्यांना बाहेरच्या खोलीत एका सेटपुढे बसवलं आणि मी आत माझ्या टेबलाशी दुसरा घेतला. मध्ये प्लायवुडची भिंत. आवाज तोडून, नंबर काढून, पलीकडे पुन्हा घडवायला थोडा वेळ लागतो, म्हणून आप्पांचं बोलणं मला दोनदा ऐकू आलं. आधी भिंतीतून, मग हेडफोनमधून.

भिंतीतून आलं, "ऐकू येस का वं?"

मग कानात कोणीतरी तेच विचारलं. समजूतदार, शांत, चष्मा पुसत बोलणाऱ्या बँकेतल्या साहेबासारखा एक माणूस. अहिराणी आप्पांची, तोंड दुसऱ्याचं.

"येस आप्पा," मी म्हटलं.

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली. मग, "हाई कोन बोली ऱ्हायनं? मनी आंडेरले द्या." माझ्या मुलीला द्या.

"मीच शे, आप्पा."

"तू कशी? तू इतली गोड कधी बोलनी माले?"

केतनभाईंचं मोठं हसणं ऐकू आलं. आप्पाही हसले. कानातला माणूस थोड्या वेळानं, अगदी सभ्यपणे हसला.

"बोला ना काही," मी म्हटलं. परीक्षेला बसल्यासारखे आप्पा घुटमळले असणार. मला ते दिसत नव्हते. मग भिंत हादरली.

"जेवनी का वं?"

आणि मागोमाग कानात, अगदी जवळून, कोणी उशाशी बसून विचारावं तितक्या हळुवारपणे: "जेवनी का वं?"

तितक्या हळू मला ते कधीच कोणी विचारलं नव्हतं. मी हेडफोन कानावर दाबून धरला आणि हो म्हणाले. दोघांपैकी कोणाला म्हणाले, ते मला अजून सांगता येत नाही.